रविवारचं चिकन, बुधवारचा फ्राइड राइस

प्रश्न एका ताईंचा आहे. रविवारी घरी दीड किलो चिकन येतं आणि त्यातलं थोडंफार उरतंच. सोमवार सासूबाई पाळतात, मंगळवार त्या स्वतः. म्हणजे उरलेल्याचा नंबर लागतो बुधवारी, आणि मुलाच्या हट्टापायी त्याचा फ्राइड राइस होतो. पण भाताचा गोळा होतो, चिकन चिवट लागतं आणि त्याला एक शिळकट वास येतो. ‘गाडीवर पाच मिनिटांत फडफडीत करून देतात, मग घरी का जमत नाही? आणि सकाळी करून मुलाला डब्यात दिला तर चालेल का?’

ताई, मी ठाण्यात बारा वर्षं चायनीजची गाडी लावली, आता मेसचे डबे करतो. गाडीवरचा फ्राइड राइस पाच मिनिटांत होतो हे खरं, पण ती पाच मिनिटं गिऱ्हाईकाला दिसतात तेवढीच. संध्याकाळी सातला पहिली ऑर्डर यायची तेव्हा आमचा राइस नव्वद टक्के झालेला असायचा. दुपारी तीनला भात वेळून परातीत पसरलेला, चिकन उकडून तोडून ठेवलेलं, कोबी-गाजर चिरून कोरडं केलेलं. भट्टीवर राहायचं ते फक्त एकत्र आणणं. तुम्ही बुधवारी सगळं एकदम करायला बसता, तिथेच ते बिघडतं. गॅस लहान आहे हा दोष दुसऱ्या नंबरचा.

आधी चिकनचं बघू, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे.

रविवारी दुपारी एकला झालेलं चिकन बुधवारी रात्री आठला ताटात येतं, म्हणजे तीन दिवस आणि वर सात तास. शिजलेलं चिकन फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस ठेवावं असा नियम आहे. तुम्ही त्याच्या अगदी कडेला उभ्या आहात. तेही पातेलं वेळेवर आत गेलं तर! आपल्याकडे रविवारी जेवणं तीनपर्यंत चालतात, पातेलं ओट्यावर झाकून राहतं, रात्री पुन्हा गरम होतं, पुन्हा ओट्यावर राहतं आणि झोपताना कुणाला तरी आठवलं की फ्रीजमध्ये जातं. शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर एका तासात.

म्हणून पहिलं काम रविवारी जेवण आटोपल्याबरोबर करायचं. पातेलं तसंच आत ढकलू नका. फ्राइड राइसला लागतील तेवढ्या फोडी बाजूला काढा आणि कोमट असतानाच मांस हाडावरून सोडवून घ्या. कोमट असताना ते बोटांनी सुटतं. गार झाल्यावर सुरी लागते आणि अर्धं हाडालाच राहतं. दोघांना पावणेदोनशे ग्रॅम सुटं मांस पुरतं, म्हणजे साधारण दोन मुठी. ते लहान पिशवीत घालून तळहाताने चपटं करा, हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि सरळ फ्रीझरमध्ये टाका. बुधवारी सकाळी खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवलं की संध्याकाळपर्यंत मोकळं होतं. ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही. चपटी पिशवी पटकन गोठते आणि पटकन सुटते, गोळा करून ठेवलात तर दोन्हीला वेळ लागतो.

तो शिळकट वास म्हणजे चिकन नासलंय असंच नसतं. शिजल्यावर मांसातलं लोह मोकळं होतं आणि ते चरबीला हवेशी जोडून खवट करतं. कोंबडीची चरबी या बाबतीत नाजूक, त्यामुळे एक-दोन दिवसांतच ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागतो आणि पुन्हा गरम केलं की तो उसळून वर येतो. हवा काढून ठेवलं की हे कमी होतं. मसाल्यातलं चिकन उकडलेल्यापेक्षा कमी वासतं, लसूण-मसाल्याचं आवरण थोडी राखण करतं. पण चिकन हाताला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर तो वेगळा मामला आहे, तिथे सोया सॉस ओतून झाकपाक करू नका.

आता तुमच्याकडे उरतं ते कसलं चिकन? फ्राइड राइसच्या कृतीत उकडलेलं, बिनमसाल्याचं चिकन लिहिलेलं असतं. आपल्या घरात उरतं ते रश्श्यातलं, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मुरलेलं. ते तसंच भातात घातलं तर वाटण सुटतं, भाताला चिकटतं आणि जे होतं त्याला फ्राइड राइस म्हणता येत नाही. कुणी म्हणतं धुऊन घ्या. धुऊ नका. पाणी आत शिरतं, चव बाहेर जाते. सोडवतानाच बोटांनी वाटण निपटून रश्श्यात परत टाका, रश्श्याचंच भलं होईल. मग फोडींवर जो पातळसा मसाला राहील तो राहू द्या. गरम तेलात तो खरपूस होतो आणि वाईट लागत नाही. मला तर आवडतो.

सुक्कं असेल तर काम अजून सोपं. तंदुरी किंवा भाजलेलं चिकन उरलं तर सोनंच, धुराचा वास आयताच मिळतो. गाडीवर आम्ही तो मिळवायला धडपडायचो. गावठी कोंबडीचे धागे लांब आणि चिवट असतात, ते आडवे, अगदी बारीक कापा. ब्रॉयलरच्या छातीचं मांस दुसऱ्यांदा तापलं की खडूसारखं कोरडं होतं, तंगडीचं टिकतं. म्हणून बाजूला काढताना तंगड्या आणि मांड्या काढा, छातीच्या फोडी रविवारीच संपवा.

एक मात्र सांगतो. उरलेलं मालवणी किंवा कोल्हापुरी झणझणीत असेल आणि वाटण भरपूर असेल, तर चायनीजचा हट्ट सोडा. त्यात भात परतून वर कोथिंबीर आणि लिंबू मारा, उत्तम लागतं. फोडणीचा भात आपल्या घरात सोया सॉस यायच्या कितीतरी आधीपासून होतोय, आणि शिळा भात तेलात जागा करायची ही युक्ती कुणा एकाची नाही. चीनमधल्या यांगचौ शहराचा फ्राइड राइस जगभर नावाजलेला आहे. त्या शहराने 2015 मध्ये त्याच्या कृतीचं अधिकृत मानकच काढलं, आणि त्यातही अंडं, कोळंबी यांच्या जोडीला कोंबडीच्या तंगडीचं मांस आहे. आपल्या गाडीवरचा काळपट, लसणीचा, व्हिनेगर मारलेला राइस हा त्याचा लांबचा भाचा. तो इथेच वाढला, इथलंच खाऊन मोठा झाला.

आता भात. इंद्रायणी आणि आंबेमोहोर या कामाला घेऊ नका. वरण-तूप घालायला त्यांच्यासारखा भात नाही, पण त्यांचा गुणच चिकटणं आहे. तांदळातल्या पिठाचे दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर दाणा सुटा राहतो, बासमतीत ते जास्त असतं. गाडीवर आम्ही जुना बासमती तुकडा वापरायचो, कारण पूर्ण लांबीचा दाणा परतताना मोडतोच, मग त्याचे पैसे कशाला द्या? घरात कोलम असेल तर कोलमही चालतो, मोकळा केला की झालं.

दोघांना एक वाटी तांदूळ, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवा. कुकरची शिट्टी विसरा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळवा, मीठ आणि चमचाभर तेल घाला, तांदूळ घाला. सात-आठ मिनिटांनी एक दाणा बोटांत दाबा: बाहेरून मऊ आणि मधे सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. तो ठिपका दिसतोय तेव्हाच गॅस बंद करून वेळून घ्या. कोकणातल्या आज्या वेळलेला भात करायच्या तसाच, पेज सुद्धा प्यायला मिळते. चाळणीत निथळू द्या आणि लगेच परातीत किंवा मोठ्या ताटात पसरा. बोटाच्या पेरापेक्षा जाड थर नको.

ही पसरण्याची पाच मिनिटं टाळली की काय होतं ते मी गाडीवर शिकलो. दुसऱ्याच वर्षी, गणपतीच्या गर्दीत, पाच किलो तांदळाचा भात मोठ्या टोपात तसाच ठेवून झाकण मारलं आणि दमून झोपलो. सकाळी झाकण काढलं तर वरचा भात गार, आणि हात कोपरापर्यंत आत घातला तर मधला अजून गरम. वास आंबट-गोड. सगळा टोप फेकून दिला. पैशाचं वाईट वाटलं, पण त्यापेक्षा जास्त भीती वाटली, की तो वास आला नसता तर?

कारण भाताचा धोका चिकनपेक्षा कमी नाही, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि त्यातलं उलट्या करवणारं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. 1970 च्या सुमारास ब्रिटनमध्ये चायनीज हॉटेलांतला भात खाऊन लोकांना उलट्या झाल्या, तेव्हा छडा लागला तो याचाच. भात आदल्या दिवशी शिजवून बाहेर ठेवलेला होता. तेव्हा पसरा, गार झाला की डब्यात भरून फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी वापरा.

दुसऱ्या दिवशीचाच भात का? गार होताना भातातलं पीठ पुन्हा घट्ट जुळून येतं, दाण्याला कणखरपणा येतो, आणि फ्रीजमध्ये वरचं पाणी सुकतं. कढईत तो दाणा मार खाऊ शकतो. पण ‘शिळा भातच हवा’ हे लोक जरा जास्तच ताणतात. महत्त्व कोरडेपणाला आहे. ताजा भात वेळून, पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवला तरी नव्वद टक्के काम होतं, आणि मला तो कधीकधी जास्त आवडतो. कुकरमधला आसट भात मात्र दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवला तरी आसटच राहतो.

फ्रीजमधून काढल्यावर भाताच्या ढेपा झालेल्या असतात. त्या कढईत उलथन्याने फोडू नका, दाणे मोडतात आणि मोडलेल्या दाण्यातून चिकटा सुटतो. हात ओला करा, झटका, आणि ताटातच बोटांनी हलकेच मोकळा करा. वर चमचाभर तेल चोळलंत तर अजून सोपं.

आता कढई. नॉनस्टिक असेल तर ती रिकामी धूर येईपर्यंत तापवायची नाही, वरचा थर फार तापला की खराब होतो आणि त्याचा धूर घरात नको. लोखंडी कढई सगळ्यात चांगली. ती नसेल तर भाकरीचा बिडाचा तवा घ्या, थट्टा करत नाही. रुंद आणि जड असल्यामुळे वाफ कोंडत नाही आणि गार भात पडला तरी तवा उष्णता धरून ठेवतो. आमच्या गाडीवरचा नेपाळी कारागीर घरी स्वतःसाठी तव्यावरच राइस करायचा, आणि मला त्याची उलथन्याची खडखड अजून ऐकू येते.

इथे गॅसचा मुद्दा येतो. भट्टीचा जाळ कढईला खालून वेढून घेतो, तेवढी ताकद घरच्या शेगडीत नाही. त्यावर इलाज जाळ वाढवणं नाही, माल कमी करणं आहे. एकदम जास्त गार भात पडला की कढई थंड पडते, ओलावा वाफ होऊन उडायच्या ऐवजी तळाशी साचतो आणि भात परतला जात नाही, उकडला जातो. तुमचा गोळा तिथे होतो. चौघांचा करायचा तर दोनदा करा. दुसरा घाणा तीन-चार मिनिटांचाच असतो.

हात घालायच्या आधी सगळं वाट्यांमध्ये काढून ठेवा, मधेच आलं किसायला गेलात तर लसूण करपेल. दोघांना आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून नाही, बारीक चिरून. ठेचलेली पटकन जळते. आलं त्याच्या निम्मं. गाजर, फरसबी, कोबी मिळून एक वाटी, जुवारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं आणि कपड्याने टिपून कोरडं. पातीचा कांदा, पांढरा भाग वेगळा आणि हिरवा वेगळा. दोन अंडी. शेंगदाण्याचं तेल तीन मोठे चमचे. पांढरी मिरीपूड अर्धा चमचा. काळी चालते, पण तो गाडीचा वास पांढऱ्या मिरीचा असतो, हे लोकांना उशिरा कळतं.

कढई इतकी तापवा की पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून जागेवर न जळता मण्यासारखा पळेल. मग तेल एक चमचा आणि त्यात फेटलेली अंडी. दहा सेकंदांत फुगतात, मोडा आणि थोडी ओलसर असतानाच ताटात काढा. पुन्हा चमचाभर तेल, चिकन पसरा आणि हात बांधून उभे राहा. पाऊण मिनिट हलवायचं नाही. खालून चळचळ आवाज येतो, मग तो बदलून कोरडा कुरकुरीत होतो, तेव्हा एकदा उलटून, आत वाफ येईपर्यंत गरम झालं की काढून ठेवा. चिकन आधीच शिजलेलं आहे. तुम्ही ते भाजीबरोबर आणि मग भाताबरोबर सात-आठ मिनिटं परतत राहता, म्हणून ते चिवट होतं. त्याला एका बाजूने रंग आला आणि ते वाफाळतं झालं की त्याचं काम संपलं.

उरलेलं तेल, लसूण, दहा सेकंद, आलं, पातीचा पांढरा भाग, मग भाज्या एक मिनिट. त्या कचकचीत राहिल्या पाहिजेत. आता भात. पसरा, उलथन्याने हलका दाबा आणि वीस सेकंद सोडा, मग खालचा वर करा. असं तीन-चार वेळा. सतत ढवळत राहायची सवय सोडा, ढवळण्याने भात तापत नाही, मोडतो. दाणे कढईत उडी मारायला लागले, म्हणजे खरंच टुणकन उडतात, की समजा पाणी गेलं.

मीठ आणि मिरी. मग सोया सॉस, दोन लहान चमचे, आणि भातावर नाही तर कढईच्या तापलेल्या कडेने. कडेवर पडल्याबरोबर तो फसफसतो, त्यातली साखर क्षणात करपते आणि तो धुरकट खमंगपणा भातात उतरतो. भातावर ओतलात तर तेवढाच भात काळा आणि ओला होतो. बाजारात सहज मिळतो तो डार्क सोया रंगासाठी आहे. जास्त पडला की कडवटपणा येतो. मीठ नेहमीपेक्षा हात राखून घाला, सोया सॉस भलताच खारट असतो आणि तुमच्या चिकनमध्येही मीठ आहे. चिकन, अंडं परत आत, चमचाभर व्हिनेगर कडेने, हिरवी पात, दोनदा उलटं-पालटं, गॅस बंद. कढईत ठेवू नका, लगेच ताटात काढा.

अजिनोमोटोबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून ती चव वेगळी काढली, ती टोमॅटोत आणि सोया सॉसमध्येही असते. गाडीवर आम्ही चिमूटभर घालायचो. घरी तुमच्याकडे मुरलेलं चिकन आहे, मला गरज वाटत नाही.

मुलाला शेजवानच हवा असेल तर बाटली नको. दहा बेडगी मिरच्या बिया झटकून गरम पाण्यात भिजवा, वाटा. तेवढीच लसूण बारीक चिरून जरा सढळ तेलात मंद परता, त्यात वाटण, मीठ, साखर, शेवटी व्हिनेगर, आणि तेल सुटेपर्यंत थांबा. भातात दीड चमचा बास, आणि तेव्हा सोया सॉस निम्मा करा.

राहिला डबा. सकाळी सातला केला, मुलगा एकला उघडणार, म्हणजे सहा तास, तेही दप्तरात, उकाड्यात. वर भात एकदा शिजलेला, चिकन एकदा शिजलेलं, दोन्ही दुसऱ्यांदा तापलेली. साध्या स्टीलच्या डब्यात मी देणार नाही, माझ्या मेसच्या डब्यातही देत नाही. थर्मासचा डबा असेल तर त्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ओता, आणि राइस कढईतून वाफाळता सरळ त्यात गच्च भरा. एकला उघडल्यावर वाफ निघाली तर ठीक. आणि रात्रीचा उरलेला फ्राइड राइस सकाळी गरम करून त्यात भरू नका, ती तिसरी खेप झाली. तो उरू नये म्हणूनच तांदूळ एक वाटी सांगितलेत.